खारा चहा

खालून मेथीची जुडी घेऊन आलेली कुशाबाई दारात चपला काढता काढता तशीच थबकली. एक पाय चपलेत, एक फरशीवर. घरात कसला तरी वास सुटला होता. मच्छीचा म्हणावा तर तो नव्हे. मच्छीचा वास तिला चांगला ओळखू येतो, समोरच्या फ्लॅटात दर रविवारी उजनीचे मासे येतात आणि लिफ्टसुद्धा सोमवारपर्यंत त्यांचीच होऊन बसते. हा वास ओला होता, खारट, आणि थोडा भिजल्या मेंढराच्या अंगाला येतो तसा. भिजलं मेंढरू, आणि ते बारामतीत, तिसऱ्या मजल्यावर, सुनेच्या चकचकीत किचनमध्ये! एरवी कुशाबाई पोट धरून हसली असती. आज हसू आलंच नाही. डोळ्यांपुढे पांढुरकं, अफाट पाणी आलं, त्याच्या कडेला खाली माना घालून उभी असलेली मेंढरं आली, आणि हिरव्या बांगड्यांचा एक हात आला. हात आला तसा गेला. तो कधी थांबतच नाही.

"उत्कर्षे, काय शिजतंय गं?"

"शिजत नाही आजी, धुतीय," आतून नात ओरडली.

ही उत्कर्षा म्हणजे दीपकची, कुशाबाईच्या एकुलत्या एका लेकाची पोरगी. इथल्याच कॉलेजात खाण्याचे पदार्थ बनवायचं शास्त्र शिकते, आणि वर्गात जे शिकते ते संध्याकाळी घरच्यांवर करून बघते. घरच्यांची त्याला ना नसते, फक्त मनिषा, तिची आई, अशा दिवशी थोडा वरणभात वेगळा काढून ठेवते. आता उत्कर्षानं सिंकमध्ये मोठं पातेलं ठेवलं होतं आणि त्यात काळपट, तपकिरी, चिवट पट्ट्या तरंगत होत्या. ती त्या हातानं चोळत होती, पाणी बदलत होती, आणि पातेल्याच्या तळाशी बारीक वाळू साचत होती.

"समुद्रातलं शेवाळ आहे. खायचं. माझी मैत्रीण नाही का स्वरूपा, रत्नागिरीची, तिनं वाळवून आणलंय. मला याचा चहा करायचाय. घरच्या घरी होतो का बघायचं."

"शेवाळाचा च्या?"

"जपानात पितात."

"मेंढरं खात्यात हे," कुशाबाई बोलून गेली. "म्या बघितल्यात." आणि बोलल्याबरोबर तिनं जीभ चावली, कारण बघितलंय असं ठणकावून सांगायची सोय आता तिला राहिली नव्हती. तिनं मेथी ओट्यावर ठेवली आणि पातेल्यातली एक पट्टी उचलून हातात धरली. गार, बुळबुळीत, जिवंत असल्यासारखी. तिनं ती नाकाशी नेली आणि उत्कर्षाकडे पाठ केली.

सगळं आयुष्य ती सांगत आली होती की मी समुद्र बघितलाय. माहेर कोऱ्हाळ्याचं. कॅनॉलखाली ऊस तेव्हाही होता, पण तो दुसऱ्यांचा. यांच्याकडे माळ आणि मेंढरं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यांवर लादायचं, कोकरं डालग्यात घालायची आणि वरंधा घाट उतरून कोकणात जायचं. तिथं भात निघालेल्या खाचरांत मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत त्या शेतकऱ्यांना आणि त्यांचं भात आपल्याला, आणि उन्हाळा सरता सरता परत वर. अशा एका साली कुशाबाई बरोबर होती. किती वर्षांची, कोण जाणे. चार असेल, पाच असेल. तिला ताप भरला होता. समुद्राच्या बाजूनं वारा येत होता, त्या वाऱ्याला पाठ करून आई तीन दगडांच्या चुलीपुढं बसली होती, आणि जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, चेपलेल्या वाटीतून तिनं कुशाबाईला काहीतरी गरम, तपकिरी, खारट पाणी पाजलं होतं. फुंकर घालून पाजलं होतं. एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात आई बाळंतपणात गेली. फोटो नाही, लुगड्याचा तुकडा नाही, काही नाही. लोकांना आईचा चेहरा आठवतो, आवाज आठवतो, मार आठवतो. कुशाबाईकडे तो एक हात होता आणि ती एक चव होती. तेवढ्यावर तिनं लग्न केलं, नवऱ्याचं दुखणं काढलं, दीपकला वाढवलं, आणि कधी आईची उणीव म्हणून रडली नाही. होती की आई. थोडी होती, पण होती.

आणि गेल्या दिवाळीत म्हस्कूनं ती काढून घेतली. म्हस्कू तिचा थोरला भाऊ, निमगाव केतकीला असतो, मेंढरं कधीच गेली, आता डाळिंब आहे. माणूस वाईट नव्हे. भाऊबीजेला तिच्या ताटात हट्टानं तिसरी करंजी वाढत होता आणि वाढता वाढता म्हणाला, "कुशे, समुद्राचं काय सांगतीस पोरांना? तू कुठली आलीस तितं? त्या साली तुला थोरल्या चुलतीपाशी ठिवली हुती. आमच्या तोंडचं ऐकून ऐकून तुला वाटतंय आपुन हुतो म्हणून." ती म्हणाली, मग आईनं केलेला तो खारा च्या? तर तो हसला. "कसला खारा च्या? दूध असायचं की आमच्यात रगड. आईनं असलं काय केलं न्हाय." सगळे हसले. कुशाबाईही हसली, करंजी खाल्ली, भावाला ओवाळलं. पण त्या रात्रीपासून तिला भीती बसली. म्हस्कू तिच्यापेक्षा चांगला पाच-सहा वर्षांनी मोठा, त्याचं खरं असणार. मग हा हात कुणाचा? चुलतीचा? की कुठं सिनेमात बघितलेला? सत्तरीला टेकलेल्या बाईनं आईसाठी हिरमुसून बसावं हे सांगण्यासारखं नाही, म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. दिवस नेहमीसारखे गेले. सकाळी नवऱ्याच्या फोटोला हार, गच्चीत ऊन, दुपारी मनिषाबरोबर मालिका. सुखाचं घर आहे, खोटं कशाला बोला. फक्त झोपायच्या आधी ती तो हात डोळ्यांपुढं आणायची आणि तो आला की तिला चोरी केल्यासारखं वाटायचं.

उत्कर्षानं पट्ट्या पिळल्या, फडक्यावर पंख्याखाली वाळवल्या, दुसऱ्या दिवशी कात्रीनं बारीक कातरल्या. गरम पाण्यात घालून वर झाकण ठेवलं, उकळू दिलं नाही, उकळलं की बिघडतं म्हणाली. त्यात आलं घातलं, गवती चहा घातला, कपात चमचाभर मध. हे सगळं ती फार मन लावून करत होती, जिभेचं टोक बाहेर काढून, आणि तिच्याकडे बघताना कुशाबाईला एरवी जी माया दाटून यायची ती आज आलीच नाही, कारण तिचं सगळं लक्ष त्या कपात होतं. आता कळणार. एक घोट, की कळणार. तिनं कप दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटून घोट घेतला.

काही झालं नाही. आल्याचा तिखटपणा लागला, गवती चहाचा वास आला, मागून मध. समुद्र कुठं मागं लांब उभा होता, लग्नात न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. तिनं आणखी एक घोट घेतला, मग आणखी एक. पाणी होतं, झालं.

"कसाय?"

"झ्याक झालाय," कुशाबाई म्हणाली, आणि पोरीचा चेहरा खुलला म्हणून तिला तेवढंच बरं वाटलं. म्हणजे म्हस्कूचंच खरं. चला, सुटलो एकदाचे, असं तिनं मनाशी म्हणून बघितलं. पण धुताना जो वास आला होता त्यानं तिला दारात का धरून ठेवलं, याचा उलगडा काही होईना. ती त्या दिवशी जेवताना दोनदा मीठ मागून बसली.

उरलेलं शेवाळ उत्कर्षानं शनिवारी रात्री बादलीत भिजत घातलं, आणि तिथं घोटाळा झाला. दोष द्यावा तर कुणाला? दीपक कंपनीत सुपरवायझर, पण रविवार उजाडला की पाय कोऱ्हाळ्याकडे वळणारच. तिथं, आईच्या माहेरी, त्यानं घेतलेल्या तुकड्यात त्याचा ऊस. आणि समुद्री शेवाळ म्हटलं की आमच्या बारामती-इंदापुरातल्या माणसाला कॅन आठवतो, कप नव्हे. कृषी सेवा केंद्रात मिळतं ते, पाण्यात कालवायचं आणि पिकावर फवारायचं. उसाला, द्राक्षाला, डाळिंबाला. हे माणसांनी प्यायचं असतं ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरायला वाटच नव्हती. सकाळी मनिषा म्हणाली, ती बादली जपून हो, उत्कर्षानं शेवाळ भिजवलंय, आणि दीपकचा ऊर भरून आला. पोरगी शिकली आणि बापाच्या उसाला टॉनिक करायला लागली! तो बादली गाडीत घालून गेला. दुपारी परतला तो शीळ घालत.

"उत्कर्षा, काय दाट केलंस गं! दुकानातलं ह्याच्यापुढं पाणी. फवारलं, आणि चोथा होता तो सरीत घातला."

"पप्पा!" उत्कर्षा किंचाळली. "तो चहा होता माझा!"

"चहा?" दीपकनं टोपी काढली. "मग आता उसानं पिला की तो."

मनिषा हसत खालीच बसली. उत्कर्षा चिडली, रडकुंडीला आली, आणि मग तीही हसायला लागली. कुशाबाई इतकी हसली की पदरानं डोळे पुसत राहिली, आणि पुसताना तिच्या लक्षात आलं की डोळे हसण्यानंच भरलेत असं काही नाही. संपलं ते. एका घोटानं काही झालं नव्हतं तरी शेवाळ घरात होतं तोवर मनात कुठंतरी धाकधूक जिवंत होती. ती लेकाच्या उसाला पाजून झाली.

पण पाकिटाच्या तळाशी मूठभर राहिलं होतं. सोमवारी उत्कर्षानं ते धुतलं, आणि वाळवत बसायला वेळ नाही म्हणून सरळ तव्यावर टाकलं, बारीक आचेवर. तेवढ्यात स्वरूपाचा फोन आला आणि पोरगी गॅलरीत गेली. कुशाबाई टेबलाशी शेंगा सोलत होती. आधी वाफ आली. मग वाफेचा वास बदलला. ओला होता तो कोरडा झाला, कोरड्याचा खमंग, खमंगाचा जळका. उठून गॅस बंद करावा हे तिला कळत होतं, हात शेंगेवर होता, पाय फरशीवर होते, आणि ती उठली नाही. उठायचं कसं? तिच्या पाठीला वारा लागत होता. चुलीतला धूर कडेला पळत होता, तव्यावर काळ्या पट्ट्या आकसत होत्या, आणि कुणीतरी म्हणत होतं की थांब, भाजू दे, कच्चं पोटात दुखतं. आवाज बाईचा होता. हा आवाज तिला कधी आठवला नव्हता. साठ-पासष्ट वर्षांत एकदाही नाही. ती शेंग हातात धरून बसून राहिली.

"आजी! करपलं की गं! तू इथंच बसलीयस आणि तुला—"

"टाकू नगं," कुशाबाई ओरडली, एवढ्या जोरात की उत्कर्षा दचकली. "हात लावू नगं त्याला."

तिनं स्वतः पातेलं ठेवलं. आलं नाही, गवती चहा नाही, मध नाही. करपलेलं शेवाळ पाण्यात टाकलं आणि चांगलं खळाखळा उकळू दिलं, उत्कर्षाचं शास्त्र काय म्हणतं ते म्हणो. पाणी तपकिरी झालं. तिनं गाळलं आणि उभ्या उभ्याच घोट घेतला. जिभेला ते खारट, कडवट, काहीच्या बाही लागलं. पण घशानं ओळखलं. घसा त्याला वाट देऊन मोकळा झाला, जसा तो रोजचाच होता. कुशाबाई खुर्चीवर बसली. आईचा चेहरा दिसला नाही; तो दिसणारही नव्हता, तिला माहीत होतं. पण आतून असं भरल्यासारखं वाटलं की बस्स. उत्कर्षा गुडघ्यांवर बसून तिच्याकडे बघत होती. मग पहिल्यांदाच कुशाबाईनं कुणाला तरी सगळं सांगितलं. वारा, वाटी, हात, आणि म्हस्कू काय म्हणाला ते.

"मग चल की," उत्कर्षा म्हणाली. "थर्मासमध्ये भरू. निमगावला जाऊ. त्यांनाच पाज."

एवढं सोपं असतं होय? कुशाबाई थर्मासकडे बघत बसली. आता हे तिचं झालं होतं. घशानं ओळखलं, तिला पुरे होतं. तिथं जाऊन म्हस्कूनं तोंड वाकडं केलं, ह्या, हे काय म्हणाला, तर हेही जाणार, आणि पुन्हा परत यायचं नाही. न जाता घरात सुखानं राहता येत होतं. तिनं झाकण घट्ट लावलं, पुन्हा उघडलं, वास घेतला, पुन्हा लावलं. मग तिला एकदम स्वतःचाच राग आला. आई आहे का नाही हे झाकून ठेवायची गोष्ट आहे का? "साडी बदलते," ती म्हणाली. "पर त्याला आदी काय सांगायचं न्हाय. शपथ घे."

एसटीत खिडकीशी बसून तिनं थर्मास मांडीवर धरला होता. बाहेर ऊस, मग ज्वारी, मग माळ, मग डाळिंबाच्या ओळी. थंडीचं ऊन अंगावर येत होतं. कंडक्टरनं विचारलं, मावशी, दवाखान्यात डबा घेऊन चाललाय का? ती म्हणाली, "न्हाय बाबा, भावाकडं," आणि उत्कर्षा तोंडावर हात ठेवून हसली. भीती होतीच. पण त्या भीतीभोवती सगळं ठीक होतं: ऊन, नातीचा खांदा, सणासारखी नेसलेली साडी. भीती वाटत असताना माणूस सुखात असू शकतं हे तिला या वयात कळत होतं आणि त्याची गंमत वाटत होती.

म्हस्कू अंगणात बाजेवर बसला होता. बहीण अशी अचानक आलेली बघून तो उठायला गेला, कंबर धरून पुन्हा बसला. सुना रानात होत्या. इकडचं तिकडचं झालं. डाळिंबाचा बहर, त्याची कंबर, दीपकनं उसाला चहा पाजला ते. त्यावर म्हस्कू खोकला येईपर्यंत हसला. मग कुशाबाईनं थर्मास उघडला आणि झाकणात ओतलं.

"घे दादा. च्या आणलाय."

"बारामतीवनं च्या? आमच्यात चूल न्हाय व्हय?" त्यानं झाकण घेतलं आणि आत बघितलं. "दूध न्हाय. साखर तरी हाय का? कोऱ्हाळ्याचा ऊस संपला का काय?"

"पी तर आदी."

त्यानं झाकण तोंडाशी नेलं. आणि हात तिथंच थांबला. कुशाबाई त्याच्या नाकाकडे बघत होती, दुसरीकडे कुठं बघायचं तिला धाडस नव्हतं. म्हाताऱ्याच्या नाकपुड्या हलल्या. त्यानं वास घेतला, पुन्हा घेतला. शेजारच्या रानात कुणीतरी मोटर चालू केली. उत्कर्षानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर कुशाबाईनं तिचा गुडघा दाबला. म्हस्कूनं एक घोट घेतला. मग राहिलेलं सगळं त्यानं एका दमात पिऊन टाकलं, घाईघाईनं, कुणी हातातनं काढून घेईल अशा घाईनं, आणि रिकामं झाकण धरून तो समोर बघत राहिला. त्याचं तोंड रागानं आखडलं होतं.

"मला द्यायची न्हाय," तो म्हणाला.

"कोण?"

"आई. मागितलं तरी द्यायची न्हाय. 'तू खडखडीत हाईस, तुला काय धाड भरलीया,' म्हणायची मला. आन् कुशे, तुला तेवढी मांडीवं घिऊन पाजायची, वाटी तळापतूर. म्या समोर बसून बघायचो." त्यानं झाकणाच्या तळाशी बोट फिरवलं. "एक घोट दिला न्हाय मला."

मांडीवर. कुशाबाईनं तो शब्द ऐकला आणि तिला असा आनंद झाला की बाजेची दोरी हातानं धरावी लागली. आपण काय बोललो हे म्हस्कूच्या ध्यानातही नव्हतं. दिवाळीचं ते बोलणं, ती करंजी, ते हसणं, काही त्याच्या गावी नव्हतं. तो तिकडं होता, चुलीपलीकडे, पोरगा होऊन, बहिणीवर जळत. तिला त्याची इतकी दया आली की जिंकल्याचं काही सुचलंच नाही.

"अजून हाय का?" त्यानं विचारलं.

कुशाबाईनं थर्मास उपडा केला आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवला.

"पी," ती म्हणाली. "सगळं तुझंच हाय."